अकरा महिन्यांचा हिशेब

गेल्या डिसेंबरात ठाण्याला दादाकडे पंधरा दिवस राहिले. घोडबंदर रोडवर, वाघबीळला, भाड्याच्या टू बीएचकेत. पहिल्याच सकाळी लक्षात आलं की कालनिर्णय भिंतीवर नाही. फ्रिजच्या दाराला लोहचुंबकाचा हुक लावून वहिनीने तो तिथे टांगला होता. "अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घेतलंय ना, भिंतीला भोक पाडायचं नाही," ती म्हणाली. चौकोनाचौकोनांत तिच्या बॉलपेनच्या खुणा होत्या. दूध, गॅस, भिशी, स्कूलबस. नव्या वर्षाचं कॅलेंडर आणून मागेच अडकवलं होतं. त्यातल्या २८ फेब्रुवारीभोवती गोल होता. त्या दिवशी भाडेकराराचे अकरा महिने संपणार होते.

सात वर्षांत त्यांचं हे पाचवं घर. मानपाडा, ब्रह्मांड, पुन्हा मानपाडा, आनंदनगर आणि आता वाघबीळ.

दोन वर्षांपूर्वी दादा कासारवडवलीला एक फ्लॅट बघून आला होता. तेव्हा मीच फोनवर त्याला थांबवलं. घर घ्यावं की भाड्याने राहावं, हा वाद आता घराघरांत आहे. आईबाबा म्हणतात, भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे, हप्ता भरला तर निदान चार भिंती आपल्या होतात. तिशी-पस्तिशीतली मुलं मोबाइलवर आकडेमोड करून दाखवतात. मी त्या मुलांच्या बाजूची. फ्लॅट ९० लाखांचा आणि तशाच फ्लॅटचं भाडं महिना २५,०००, म्हणजे वर्षाला ३ लाख. किमतीच्या साडेतीन टक्केही नाही. कर्जाचं व्याज मात्र तेव्हा साडेआठ टक्के होतं. मग भाड्याने राहा आणि उरलेले एसआयपीत टाका, असं मी त्याला सांगितलं. आकडे बरोबर होते.

पण ते मी स्टुटगार्टच्या घरात बसून मांडले होते, आणि ते घरही भाड्याचंच आहे. चूक तिथे झाली.

२०१४ मध्ये मी या घरात आले तेव्हा सही केली त्या करारावर शेवटची तारीखच नाही. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात आणि कायदा त्यांच्या पाठीशी आहे. मालकाला कारणाशिवाय घर रिकामं करून घेता येत नाही. त्याला स्वतःला किंवा त्याच्या घरच्यांना राहायचं असेल तर घेता येतं, पण भाडेकरू आठ वर्षांहून जास्त राहिलेला असेल तर नऊ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी. सहसा तीन वर्षांत २० टक्क्यांपेक्षा जास्त भाडंवाढ नाही, आणि घरटंचाईच्या शहरांत ही मर्यादा १५ टक्के. २०१५ पासून दलालाचे पैसेही ज्याने त्याला बोलावलं त्यानेच द्यायचे. घर मिळणं इथे महाकठीण आहे, त्यात महिने जातात. पण एकदा मिळालं की माणूस तिथे रुजतो. माझ्या स्वयंपाकघरातली फळी मी स्वतः ड्रिल मारून बसवली आहे.

ठाण्यात आपण ज्याला भाडं म्हणतो, ते कागदावर 'लिव्ह अँड लायसन्स' असतं. नुसती राहायची परवानगी. मालकांची भीतीही मला समजते. पागडीच्या काळात भाडेकरूच्या हाती गेलेली घरं त्यांच्या आईवडिलांनी पाहिली आहेत. पण त्या भीतीची किंमत दर अकरा महिन्यांनी वहिनी मोजते.

ती किंमत माझ्या आकडेमोडीत नव्हतीच. एका संध्याकाळी वहिनीने वहीत मांडून दाखवली. एजंटला एक महिन्याचं भाडं. टेम्पो आणि माणसं मिळून १४,०००. एसी आणि पाण्याचा फिल्टर काढून पुन्हा बसवणं, कराराची नोंदणी, इंटरनेट. जुन्या मालकाने रंगाचे म्हणून डिपॉझिटमधून कापलेले पैसे. सगळे मिळून एका घरबदलीचे ५५,००० च्या आसपास. शिवाय जुनं डिपॉझिट हातात यायच्या आधी नवं भरायचं असतं, त्यासाठी तिने दोनदा एफडी मोडली. हे तरी आकड्यांत आलं. ब्रह्मांडला असताना बसचा रूट बदलला आणि पुतणीला सहा महिने दादाने स्कूटरवरून शाळेत सोडलं, ऐरोलीच्या ऑफिसला रोज अर्धा तास उशिरा पोचून. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

आणखी एक गोष्ट. माझ्या पगारातून कर, पेन्शन, आरोग्यविमा असे चाळीसेक टक्के हातात येण्याआधीच कापले जातात. पेन्शनसाठी पगाराच्या १८.६ टक्के जातात, त्यातला अर्धा भाग कंपनी भरते. म्हातारपणी किती पेन्शन मिळेल याचं पत्र दरवर्षी टपालाने येतं. भाड्याने राहण्याचं धाडस मी या पत्राच्या जोरावर करते. दादाच्या पीएफमधल्या पेन्शनचा हिशेब बहुतेकांसारखाच १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेवर चालतो. पस्तीस वर्षं नोकरी केली तरी हाती येणार महिना साडेसात-आठ हजार रुपये. एवढ्यात वाघबीळला एक खोलीसुद्धा मिळायची नाही. सत्तरीत दर अकरा महिन्यांनी नवा मालक, नवा एजंट, नव्या सोसायटीची परवानगी. आपल्याकडे स्वतःच्या घराचा एवढा ध्यास का, हे मला आता कळलं. आपल्या माणसांचं पेन्शन तेच असतं. परदेशात बसून 'भाड्याने राहा' असा सल्ला देणाऱ्या आम्हा सगळ्यांना मी कळकळीने सांगते, तो सल्ला देणं थांबवा. आपल्या पाठीशी असलेला कायदा आणि ते पेन्शनचं पत्र आपण त्यांना पाठवू शकत नाही.

पण म्हणून झेपत नसलेला हप्ता गळ्यात बांधून घ्यावा, असंही मी म्हणणार नाही. 'कर वाचतो' हे कारण आता बहुतेकांसाठी उरलेलं नाही. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांची वजावट नाही आणि भाड्यावरची एचआरए सवलतही नाही. दोन पगारांवर बेतलेला हप्ता तर मला धोक्याचाच वाटतो. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वहिनी चार महिने बिनपगारी घरी होती. हप्ता तिच्या पगारावर उभा असता तर?

आणि कर्जाचा कागद बारकाईने वाचा. ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता साधारण ५२,०६९ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले ४२,५०० व्याजातच जातात. मुद्दलाला लागतात साडेनऊ हजार. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली. खिशाला काही जाणवलं नाही आणि कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेलं. अशा वेळी हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला द्या, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावलं. ती निवड मागून घ्यायला हवी. बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँकेला दंड लावता येत नाही, हेही २०१२ पासून आहे.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही तिघं बसलो. टू बीएचकेचा हट्ट दादाने सोडला. कासारवडवलीला जुन्या इमारतीत वन बीएचके बघायचा, कर्ज ४० लाखांच्या आत, हप्ता त्याच्या एकट्याच्या पगारात बसेल एवढाच. घर एकट्या वहिनीच्या नावावर घ्यायचं, कारण महाराष्ट्रात त्याला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. दादा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "तिनेच तर इतकी वर्षं सगळं बांधलंय आणि सोडलंय." वहिनी उठून चहा ठेवायला गेली.

परवा तिने बँकेने दिलेल्या परतफेडीच्या तक्त्याचा फोटो पाठवला. व्याजाच्या रकान्याखाली बॉलपेनची रेघ होती. खाली तिने विचारलं होतं, "दर वर्षी भिशीचा नंबर लागला की एक हप्ता जास्त भरला, तर किती कमी होईल?" रात्री मुलाला झोपवून मी हिशेब करायला बसले आणि तिला कळवलं, वीस वर्षांतली तीन वर्षांहून जास्त.