पावागड चढायचा नाही, उतरायचा

एप्रिल उजाडला की बडोद्यातल्या ट्रेकिंग ग्रुपांवर पावागडचे रविवार सुरू होतात. कुणाला मे महिन्यात यूथ हॉस्टेलबरोबर हिमाचलातली सार पास ही खिंड करायची असते, कुणी डिसेंबरच्या, उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराचं आत्तापासून बोलत असतं. पहाटे निघायचं, माचीला गाडी लावायची, पायऱ्या चढायच्या, कालिकामातेचं दर्शन घ्यायचं आणि "गुडघे सांभाळा" म्हणत रोपवेने खाली यायचं. माझं म्हणणं आहे की हे बरोब्बर उलटं करा. रोपवेने वर जा आणि पायी उतरा. माचीपर्यंत नव्हे, जुन्या दगडी वाटेने थेट चांपानेरपर्यंत.

चढून दम वाढतो, मान्य. पण हिमालयात झाडोरा संपल्यानंतरच्या उघड्या धारेवर दम संपला की माणूस आपोआप थांबतो, त्याने सहसा कुणी पडत नाही. पडतात ते उतरताना. पाच-सहा तास चढून मांड्या थकलेल्या, माथा गाठल्यामुळे लक्ष सैल झालेलं, आणि नेमका तेव्हाच दोन्ही बाजूंना उतार असलेला अरुंद पट्टा पार करायचा असतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होता होता वजन पेलतो. त्याची सवय नसली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय लाकडं होतात. एकदा हा त्रास सोसला की पुढचे काही आठवडे तोच उतार बराच सोपा जातो. म्हणून निघण्याआधी दीड-दोन महिन्यांपासून दर आठवड्याला एक मोठा उतार, पाठीवर सहा ते आठ किलो, आणि शेवटचा जड उतार निघायच्या आठ-दहा दिवस आधी. त्यानंतर पायांना विश्रांती. गुडघे आधीपासून दुखत असतील तर हे वेळापत्रक डॉक्टरांना विचारून.

पावागड समुद्रसपाटीपासून जेमतेम ८०० मीटर, केदारकंठा सुमारे ३,८०० आणि सार पास ४,२०० च्या आसपास. विरळ हवेची सवय बडोद्यात बसून होत नाही, ती तिथेच करावी लागते. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा साधारण संकेत आहे. केदारकंठाच्या नेहमीच्या कार्यक्रमात जुडा का तालाबहून बेस कॅम्पला जाताना ही उडी सहाशेच्या वर जाते. तेव्हा एक जादा दिवस मागून घ्या. डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. ज्याला त्रास होतोय त्याला एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल जात असेल तर खाली उतरायचं, रात्र असली तरी, आणि त्या माणसाला एकटं न सोडता.

आता झाडांबद्दल. गढवालात साधारण ३,३०० ते ३,६०० मीटरच्या दरम्यान खरसू, बुरांश आणि भोजपत्राची झाडं संपतात आणि बुग्याल, म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण, सुरू होतं. शेवटचं झाड म्हणजे शेवटचा आडोसा. विंडचीटर, टोपी, हातमोजे तिथेच चढवायचे, धारेवर पोचून नव्हे. वर वाऱ्यात सॅक उघडली की निम्मं सामान दरीत जातं आणि बोटं बधिर होतात ती वेगळीच. तापमान शून्य असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे सातसारखी थंडी लागते, उणे पाचला तोच वारा उणे चौदासारखा. अंगात घामाने ओला सुती टी-शर्ट असेल तर विचारूच नका.

पोंचोवर माझा विशेष राग आहे. सामानाच्या यादीत तो स्वस्तात मस्त म्हणून घुसवतात. जंगलातल्या पावसात ठीक आहे. धारेवर तो वाऱ्याने वर उडून तोंडावर येतो आणि पाय कुठे पडतोय तेच दिसेनासं होतं. जॅकेट आणि पॅंट असा दोन तुकड्यांचा रेनसूट घ्या. सॅकचं कव्हरही जोराच्या वाऱ्यात काढून ठेवा. त्याचं शीड होतं. त्यापेक्षा सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सामान त्यात भरा. आणि हातमोजे दोन जोड, कारण एक हमखास उडतो. पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, म्हणजे बूच मोकळं राहतं. भाकरवडी प्रवासात संपवा. वर कोरड्या घशाखाली उतरत नाही, तिथे खजूर आणि चिक्की बरी.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. शिवाय खिंडीत वारा आवळला जातो आणि वेग आणखी वाढतो. म्हणून धारेवर सुखाने चालणारा माणूस खिंडीच्या तोंडाशी अचानक भेलकांडतो. झोत आला की पाय फाकवून, गुडघे वाकवून, काठी रोवून थांबा. तो ओसरला की चाला.

उताराला आडव्या जाणाऱ्या वाटेवर दृष्टिभय असलं, म्हणजे खालची दरी बघून भीती वाटली, की शरीर आपोआप डोंगराकडे झुकतं. मन सांगतं की हे सुरक्षित आहे, आणि घसरायचं कारण नेमकं तेच. झुकल्यावर वजन तळव्यावरून सरकतं आणि बूट बाहेरच्या बाजूला निसटतो, घसाऱ्यावर तर लगेच. कंबर पायांच्या बरोबर वर ठेवा, अख्खा तळवा टेकवा, नजर दोन-तीन मीटर पुढे. डोंगराकडची काठी आखूड, दरीकडची लांब, आणि मनगटाचे पट्टे काढलेले. कातळावर हात लावायची वेळ आली तर काठ्या सॅकला बांधा. समोरून कुणी किंवा खेचरं आली तर तुम्ही डोंगराच्या बाजूला उभे राहा. खेचराच्या पाठीवरचं ओझं तुम्हाला सहज ढकलू शकतं.

हिवाळ्यात धारेच्या कडेला वाऱ्याने बर्फाचा सज्जा बाहेर काढलेला असतो. वरून तो सपाट जमिनीसारखाच दिसतो. खाली मात्र हवा असते. तो तुटतो तेव्हा रेषा अपेक्षेपेक्षा बरीच आत पडते. म्हणून वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूने, कडेपासून चांगलं आत राहून चालायचं. फोटोसाठी टोकाला जाणाऱ्याला तिथे मोठ्याने हाक मारून थांबवण्यात काही असभ्य नाही.

घड्याळाचा विषय मात्र खरा भांडणाचा. सार पासला नागारूच्या तंबूतून रात्री दोन-तीनला उठवतात. ती हौस नाही. पहाटे बर्फ घट्ट असतो, ऊन चढलं की मऊ होऊन मांडीपर्यंत पाय रुततात, आणि दुपारी ढग भरतात. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. कुरणांसाठी ती योग्यच होती. पण त्यामुळे मुक्काम खाली आला की माथ्याचा दिवस तेवढा लांबतो, हे वेळापत्रक आखणारे पुष्कळदा विसरतात. परत फिरायची वेळ आदल्या रात्री जेवतानाच सगळ्यांसमोर ठरली पाहिजे. समजा साडेदहा. साडेदहाला माथा समोर दिसत असला तरी मागे वळायचं. "आता आलोच आहोत, अर्ध्या तासाने काय होतंय" हे वाक्य धारेवर कुणी उच्चारूच नये. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांच्या गटाला हिमवादळाने गाठलं आणि ९ जण गेले. त्यात बहुतेक कर्नाटकातले ट्रेकर्स होते. झाडांच्या वर वादळात रात्र काढावी लागणं म्हणजे काय, हे त्यावरून कळावं.

विजेचा हिशोब सोपा आहे. चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा, तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर धार सोडून खाली उतरायला लागा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका. माथ्यावरच्या त्रिशुळाजवळ, एकट्या झाडाखाली, उथळ कपारीत थांबायचं नाही. घोळका करू नका, एकमेकांत पंधरा मीटर तरी अंतर ठेवा. वीज जमिनीतूनही पसरते, आणि सगळे एकत्र बसले तर मदतीला उभं राहणारा कुणी उरत नाही.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी आयोजकाला चार गोष्टी विचारा. माथ्याच्या दिवशी गाइड किती, कारण एकच असेल आणि एकाला परत पाठवायचं झालं तर एक तर सगळे परत फिरतात किंवा तो एकटा उतरतो. परत फिरायची वेळ कोणती. ऑक्सिजनचा सिलिंडर कुठल्या तंबूत असतो. आजारी माणसाला गाडीरस्त्यापर्यंत आणायला किती तास लागतात. वेबसाइटवर "सोपा ते मध्यम" लिहिलेलं मला पुरत नाही, ते चांगल्या हवेतलं असतं. चारांपैकी एकाचंही उत्तर "तिथे जाऊन बघू" असं आलं तर दुसरा ग्रुप शोधा. हरिद्वारच्या गाडीचं तिकीट रद्द करायला फार पैसे लागत नाहीत.