पानकाढा लावण्यापूर्वी दोन ओळी लिहा

आज एका महाविद्यालयात मराठी विकिपीडियाची कार्यशाळा घेतली. प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या गावच्या जत्रेवर आठ-दहा ओळींचा लेख लिहून जतन केला, शेजारच्या मुलांना दाखवला, आणि त्यांचे कौतुक पुरते ऐकून होण्याआधीच लेखाच्या माथ्यावर ‘पानकाढा’ साचा, म्हणजे हे पान वगळावे असे सुचवणारी ठरावीक सूचना, लागला. कारण एका शब्दात दिले होते : अविश्वकोशीय. “सर, म्हणजे माझे नेमके काय चुकले?” असे त्याने विचारले आणि मला त्या बाई आठवल्या.

आठ वर्षांपूर्वी विकिपीडियावरील ताज्या संपादनांची यादी, म्हणजे ‘अलीकडील बदल’, तपासताना सातारा जिल्ह्यातील एका बारवेवरचा नवा लेख मला दिसला होता. लिहिणाऱ्या बाईंनी सदस्य पानावर ‘निवृत्त शिक्षिका’ एवढीच ओळख दिली होती. पायऱ्या त्यांनी स्वतः उतरून मोजल्या होत्या. संदर्भ एकही नव्हता, ‘नयनरम्य’ होते, ‘आवर्जून भेट द्यावी’ होते. मी साचा लावला आणि पुढच्या बदलाकडे वळलो. लेख वगळला गेला आणि त्या बाई पुन्हा कधीही आल्या नाहीत.

नियम माझ्या बाजूने होता. स्वतः केलेले संशोधन तेथे चालत नाही, प्रकाशित संदर्भ लागतो. परंतु मोजलेल्या पायऱ्या लेखात घेता येत नसल्या, तरी स्वतः काढलेले छायाचित्र मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चित्रसंग्रहात, चढवता येते, बारवेचा उल्लेख जिल्हा गॅझेटियरमध्ये शोधता येतो, आणि तोवर मजकूर धूळपाटीवर, म्हणजे सदस्याच्या सरावाच्या पानावर, ठेवता येतो, एवढे त्यांच्या चर्चा पानावर लिहायला मला किती वेळ लागला असता?

नियमितपणे काम करणारे संपादक थोडे आहेत, वर्तमानपत्रांतून उचललेला मजकूर सतत येत असतो आणि प्रताधिकाराचा भंग करणारे लेखन तत्काळ काढलेच पाहिजे, हे मान्य. पण बाईंची बारव उचललेली नव्हती आणि जाहिरातही नव्हती.

मला संताप येतो तो याचा, की पान एकदा वगळले की त्याचा इतिहासही पाने वगळण्याचे अधिकार असलेल्या प्रचालकांखेरीज इतरांना दिसत नाही. ज्याच्याकडून आपण सुधारणेची अपेक्षा करतो, त्याला स्वतःचीच वाक्ये पुन्हा वाचता येत नाहीत. मग त्याने शिकायचे कशावरून? केतकरांच्या ज्ञानकोशामागे संपादक मंडळ होते, विश्वकोशामागे शासनाचे मंडळ आहे. १ मे २००३ पासून चालत आलेल्या मराठी विकिपीडियात मात्र जो येऊन लिहितो तोच संपादक असतो, आणि त्यालाच आपण उंबऱ्यावरून परत पाठवतो. ‘नवागतांना चावू नका’ हा विकिपीडियाचाच जुना दंडक आहे, तो आपण स्वतःसाठी कधी वाचणार आहोत?

त्या मुलाजवळ मी तासभर बसलो. लेख त्याच्या धूळपाटीवर हलवला, ‘लाखो भाविक’ त्याने स्वतःहून काढले, ‘जागृत देवस्थान’ काढताना मात्र तो अडला. “पण ते जागृत आहेच ना, सर?” मी म्हटले, “भाविक तसे मानतात असे लिही, आणि हे कोठे छापून आले आहे ते दाखव.” त्याने ग्रंथालयातून गॅझेटियर आणले, जत्रेचा महिना त्यात सापडला, आणि पृष्ठ क्रमांकासह पहिला संदर्भ जोडल्यावर तळाशी उमटलेला तो छोटासा १ पाहून त्याचा चेहरा जो उजळला, तो पाहायला आपल्यापैकी प्रत्येकाने तेथे असायला हवे होते. बाईंच्या लेखावरही एवढेच काम करायचे होते.

घरी आल्यावर त्या बाईंचे चर्चा पान उघडले. आठ वर्षांपूर्वीची माझी साचेबंद सूचना तेथे तशीच होती. तिच्याखाली मी त्यांची क्षमा मागितली, मजकूर त्यांच्या धूळपाटीवर परत आणण्याची विनंती प्रचालकांना केली आहे असे कळवले, आणि बारवेचे छायाचित्र त्यांच्याजवळ असल्यास ते कॉमन्सवर कसे चढवायचे, ते एकेक पायरीने लिहून ठेवले.