तू कोणाकडून गं?

माझी भाची इंग्लंडमधे स्पोर्ट्स जर्नलिस्ट आहे असं आंबाजोगाईत कोणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, विराट कोहलीला भेटली का. दुसरा प्रश्न, इंडिया-इंग्लंड मॅच असली की ती कोणाकडून असती. तिसरा पगाराचा, पण तो कट्ट्यावर नाही, घरी येऊन चहा पिता पिता हळूच.

मला दुसऱ्या प्रश्नावर बोलायचंय. ती दिवाळीत येऊन गेली तेव्हापासून डोक्यातून जाईना म्हणून लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

लेकरू लेस्टरलाच जन्मलं. दाजी आपल्याच इथल्या मेडिकलला शिकले अन् एनएचएसमधे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत लागले, त्यांना वाटायचं पोरगीनं पण डॉक्टर व्हावं, ते काय झालं नाही. डिग्रीनंतर तिनं एनसीटीजेचा, म्हणजे तिथल्या पत्रकारांना ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेचा कोर्स केला, त्यात शॉर्टहँड असतं, मिनिटाला 100 शब्द. मी म्हटलं अगं मोबाईलवर रेकॉर्ड होतंय की सगळं, तर म्हणायली मामा, मॅच संपायच्या शिट्टीला बातमी पाठवायची असती, रेकॉर्डिंग ऐकत बसायला वेळ कुणाला. फुटबॉलची मॅच चालू असतानाच तुकड्या तुकड्यानं बातमी लिहून पाठवायची, त्याला ते लोक रनर म्हणतात, आणि शेवटच्या मिनिटाला गोल झाला की वरचं सगळं उलटं करून परत लिहायचं. आपल्याकडं कोर्टात स्टेनो व्हायचं म्हणून पोरं स्पीड काढतात, ही मॅचसाठी काढती.

मला ऐकून आपलं हसू आलं. मी पण अकरा वर्षं तालुक्याचा वार्ताहर होतो (पेपरचं नाव कशाला). पगार शून्य, जाहिरातीवर कमिशन. कबड्डीच्या बातमीत कोणी किती पॉइंट काढले ते एका ओळीत अन् बक्षीस कोणाच्या शुभहस्ते ते आठ ओळीत, कारण पंधरा ऑगस्टची जाहिरात त्या शुभहस्तांकडूनच यायची ना.

तर नोकरी लागल्यावर झालं काय, ही मनानं फुटबॉलची, त्यातही खालच्या लीगची, आणि अ‍ॅथलेटिक्सची. क्रिकेट कधी खेळलेली नाही. पण ऑफिसात इंडियाची मॅच आली की हिला पाठवा, दिवाळी आली की हिला विचारा. 2023 च्या जूनमधे तिथल्या क्रिकेटमधल्या वंशभेदावर मोठा सरकारी नाही पण बोर्डानंच नेमलेल्या कमिशनचा रिपोर्ट आला, तेव्हा सगळ्या माना हिच्याकडं वळल्या, तुझा काय अनुभव ते लिही. वाईट हेतू कोणाचाच नव्हता असं तीच सांगती. पण कामून मीच, हे तिला विचारता येईना, नवीन नोकरी.

तिच्याकडूनच मला कळलं की 1990 मधे नॉर्मन टेबिट नावाच्या तिथल्या पुढाऱ्यानं हाच मुद्दा काढला होता, बाहेरून आलेली माणसं क्रिकेटमधे कोणाला चिअर करतात ते बघा म्हणून. त्याला टेबिट टेस्टच म्हणतात तिकडं. ही जन्मायच्या आधीची गोष्ट आणि अजून हिला पेपर द्यावा लागतोय. मी म्हटलं बघ, गोरे असेच. म्हणताना जीभ चावली, कारण आदल्याच दिवशी कट्ट्यावर आपण तिची तीच टेस्ट घेतली होती, फक्त आपल्याला उत्तर उलटं पाहिजे होतं. आणि ती गप्प बसली तर एकजण म्हणाला, गेली हातची.

आता अविनाश साबळेचं सांगतो, स्टीपलचेस म्हणजे तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत पळणारा. आष्टी तालुक्यातलं मांडवा, आपल्याच बीड जिल्ह्यातलं. तिला त्याच्यावर लिहायचं होतं, तिचा ऑफिसातला साहेब म्हणाला लिही की, वीटभट्टी, आईवडलांचं कष्टाचं जीवन, लहानपणी सहा किलोमीटर पळत शाळा, ते तुला जवळचं आहे. जवळचं? दाजीचं चार बेडरूमचं घर आहे लेस्टरला! तिला चीड ह्याचीच आली की ह्या माणसाबद्दल जो तो गरिबी लिहितो, पळतो कसा ते कोणीच लिहीत नाही.

मग तिनं आमच्या अंगणात टेप काढला. स्टीपलचेसचा अडथळा 91.4 सेंटिमीटर, म्हणजे तीन फूट, आमच्या ओट्यापेक्षा इंचभर उंच. तसे 28, वर पाण्याच्या उड्या 7. आणि तो अडथळा हर्डलसारखा पडत नाही, पाय लागला तर माणूस पडतो. पाण्याचा खड्डा अडथळ्याजवळ खोल, पुढं उथळ, म्हणून जितकी लांब उडी तितकं पाणी कमी. 2025 च्या जुलैत मोनाकोला साबळे त्या पाण्यापाशीच पडला अन् गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

मग आईच्या शिलाई मशीनवरची फूटपट्टी आणली. 2022 बर्मिंगहम कॉमनवेल्थ, केनियाचा किबिवोट 8:11.15, साबळे 8:11.20. 1998 पासून ह्या शर्यतीतली तिन्ही मेडलं केनियाचीच, त्यात हा आपला घुसला. फरक 0.05 सेकंद, सरासरी वेगानं हिशोब केला तर बरोबर एक फूट. तीन हजार मीटर पळून. तिनं फूटपट्टी माझ्या हातात दिली, म्हणाली मामा, ही बातमी आहे. मी अकरा वर्षं बातम्या दिल्या, खरं सांगतो, अशी एक दिली नाही.

त्या दिवशी ती स्टेडियममधे होती, म्हणून मी पण शेवटी विचारलंच, तू कोणाकडून होतीस गं?

"ओरडले की मामा, घसा बसला होता. पण तेव्हा मी कॉलेजात होते, तिकीट काढून गेले होते. प्रेस बॉक्समधे ओरडत नसतात."

लेख छापून आला. वीटभट्टी साहेबानं दुसऱ्या पॅरेग्राफमधे घातलीच, फूट पाचव्यात गेला. पण गेला.

आता तिला खालच्या लीगचं फुटबॉल मिळालंय. परवा मंगळवारी इकडं रात्रीचे दोन वाजले असतील, झोप येईना म्हणून फोन लावला तर मागं धो धो पाऊस अन् कोणीतरी शिव्या घालायला लागलेलं. म्हटलं मग इंडियाची टूर आता कोण करणार?

म्हणाली, माहीत नाही मामा, ठेवते, हाफ टाइमची बातमी जायचीय.