सहा महिन्यांचा नियम आपल्याकडे नाही, दादा

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी कोर्टात जायच्या आधी पुन्हा वाचली. सविस्तर उत्तर देते, कारण तुमच्या रागामागे तुमची बहीण आणि तिचं साडेतीन वर्षांचं पोर आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मुलाच्या ताब्याचा अर्ज मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या कोर्टात चालतो, त्यामुळे माहेरी आल्या आल्या पंधरा दिवसांत इथे अर्ज ठोकायची घाई करू नका. त्यावर या दादांनी लिहिलं की त्यांची बहीण कर्नाटकातल्या निपाणीहून मार खाऊन लेकराला घेऊन कोल्हापुरात माहेरी आली आहे, आणि मी "बाई असून सासरच्यांची वकिली" करते आहे. मूल सहा महिने जिथे राहिलं तिथलं कोर्ट, असं त्यांनी नेटवर वाचलं आहे. शिवाय पाच वर्षांखालचं मूल आईकडेच जातं, मग कोर्ट कुठलं याचा एवढा बाऊ कशाला, असाही त्यांचा सवाल आहे.

सहा महिन्यांचं आधी मिटवते. तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण ते अमेरिकेतलं. तिथे १९९७ साली एक नमुना कायदा तयार झाला आणि जवळपास सगळ्या राज्यांनी तो स्वीकारला. खटला दाखल होण्याआधी सलग सहा महिने मूल ज्या राज्यात राहत होतं, ते त्याचं 'होम स्टेट'. मूल बाहेर नेलं तरी मागे एक पालक राहत असेल, तर पुढचे सहा महिने आधीच्या राज्याचा अधिकार टिकतो. मारहाणीमुळे पळून आलेल्या आईसाठी तातडीच्या तात्पुरत्या अधिकाराची वेगळी तरतूदही त्यात आहे. आपल्याकडे १८९० चा पालक व पाल्य अधिनियम चालतो. त्याच्या कलम ९ मध्ये महिन्यांचा आकडाच नाही. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं मूल 'सामान्यतः जिथे राहतं' तिथलं जिल्हा न्यायालय, एवढंच त्यात आहे. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे १९८४ च्या कायद्याने तो अधिकार त्याच्याकडे गेला. कोल्हापुरात तसंच आहे. तेव्हा सहा महिने मोजत घरी बसू नका. सातव्या महिन्यात आपोआप काही उघडत नाही.

मग 'सामान्यतः' म्हणजे किती? सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिल्लीच्या एका प्रकरणात सांगितलं की हा नुसता कायद्याचा प्रश्न नाही, पुराव्याचाही आहे, आणि त्यात राहण्यामागचा इरादा पाहावा लागतो. त्या प्रकरणातलं मूल अमेरिकेतून आलं होतं, दिल्लीतल्या शाळेत शिकत होतं, आणि दिल्लीच्या कोर्टाला अधिकार आहे असं ठरलं. पुरावा म्हणजे काय, ते जवळून सांगते. माझ्याकडच्या एका प्रकरणात मुलगा आईबरोबर सीमेपलीकडून आला होता आणि दहा महिने इथल्या शाळेत जात होता. बापाचं म्हणणं, तो पाहुणा म्हणून आलाय. शाळेचा दाखला आम्ही दिलाच. पण उलटतपासणीत टिकली ती रिक्षामामांची वही. शंभर पानी, कव्हरला तेलाचे डाग, दर महिन्याचं एक पान, प्रत्येक पोराच्या नावापुढे रोजची बरोबरची खूण, पैसे मिळाले की तारीख. जूनपासून मार्चपर्यंत त्या पोराची ओळ भरलेली होती. मध्ये चार दिवस 'ताप' असं लिहिलेलं. न्यायाधीशांनी ती वही पानागणिक पाहिली. पाहुण्या मुलाचा ताप कोणी रिक्षावाला वर्षभराच्या वहीत लिहून ठेवत नाही.

आता 'सासरच्यांची वकिली'. हे मला लागलं, आणि याच्याबद्दलच बोलायचं आहे. कोर्ट मुलाच्या मागे जातं, आईबापाच्या मागे नाही, हा नियम आज तुमच्या बहिणीला अडतोय हे खरं. पण उलटं होऊन बघा. उद्या तिचं पोर इथल्या बालवाडीत रुळलं आणि जावयाने एखाद्या संध्याकाळी 'आइस्क्रीम खायला नेतो' म्हणून गाडीत घालून कोगनोळीचा टोलनाका ओलांडला, तर? त्याच नियमामुळे तुमची बहीण कोल्हापुरातच अर्ज करू शकेल. नेलं म्हणून मुलाचं राहण्याचं ठिकाण रातोरात बदललं, असं कोर्ट सहसा मानत नाही. अशा आया मी दरवर्षी बघते. जो आधी उचलेल त्याचं कोर्ट, असं झालं तर ज्याच्याकडे गाडी आणि माणसं जास्त तो जिंकेल, आणि ते बहुतेक वेळा सासर असतं. म्हणून हा नियम मी सोडणार नाही.

पाच वर्षांचं म्हणाल, तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ मध्ये ते आहे, तेही 'सामान्यतः' या शब्दासकट. पण मूल कोणाकडे राहावं याचं ते उत्तर. ते ऐकायचा अधिकार कुठल्या कोर्टाला, हा आधीचा प्रश्न. तिथे चुकलं तर अर्ज योग्य कोर्टात दाखल करायला परत मिळतो, आणि मधला सगळा काळ वाया.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बारा वर्षांपूर्वी एक मुलगी वडिलांबरोबर माझ्याकडे आली. माहेरी येऊन तिला दीड महिना झाला होता. बोलले सगळं वडीलच. ती खुर्चीच्या कडेवर बसून लेकीच्या फ्रॉकची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होती. मी कोल्हापुरात ताब्याचा अर्ज केला. हरकत आली, त्यावर पुरावा झाला, आणि दीड वर्षाने अर्ज परत मिळाला. तोवर तीन वर्षांची लेक साडेचार वर्षांची झाली होती. त्या आईच्या पाठीवर वळ होते, हे तिने मला त्या दिवशी जिन्यात सांगितलं. मी आधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर दुसरा दरवाजा उघडा होता.

आणि मागच्या लेखात माझ्याकडून तोच दरवाजा लिहायचा राहिला. इथे तुमचा राग रास्त आहे, दादा. मार खाऊन आलेल्या बाईला 'घाई करू नका' एवढंच सांगून थांबणं बरोबर नव्हतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे पीडित स्त्री तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करू शकते. म्हणजे माहेर चालतं. त्याच अर्जात कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, कलम २३ खाली अंतरिम आदेशही. कायमच्या ताब्याचा निकाल यातून लागत नाही, पण लेकरू आईजवळ राहतं. दुसरा मार्ग घटस्फोटाचा. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी स्वतः राहते तिथे हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज करू शकते, आणि त्यातच कलम २६ चा ताब्याचा अर्ज बसतो. पण तिला घटस्फोट हवाय का, हे तिने ठरवायचं.

'चाळीस किलोमीटरसाठी एवढा बाऊ' असंही तुम्ही म्हणालात. सीबीएस स्टँडवरून निपाणीची गाडी तासाभरात पोचवते, मान्य. पण मध्ये राज्याची हद्द आहे. जावयाने तिकडे बेळगाव जिल्ह्यात अर्ज केला, तर कागद कन्नडमध्ये येतील, आणि सीमाप्रश्न तापला की तारखेच्या दिवशीच एसटी बंद. तो खटला कोल्हापूरला आणायचा तर १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्याकडे सुरू झालेलं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच काही करू शकत नाही, कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाडचं खंडपीठही नाही. दुसऱ्या राज्यात खटला पाठवायचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. चाळीस किलोमीटरसाठी दिल्ली. म्हणून पहिलं पाऊल कुठे टाकायचं हे आधी ठरवा म्हणते.

मागच्या लेखात हा हिंसाचार कायद्याचा भाग आज घालते. तुम्ही या आठवड्यात बहिणीला कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे घेऊन जा. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पोराचं लसीकरणाचं कार्ड, जन्मदाखला आणि दवाखान्यात गेली असेल तर तो केसपेपर बरोबर ठेवा. पोराला कुठे लपवून ठेवू नका, त्याच्या बापाचा फोन आला तर 'इथे आहे, बरा आहे' असं सांगा. आणि आत गेल्यावर तिलाच बोलू द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसा, पोराला सांभाळत.