खुलासा: ‘पॉइंट 22 ची एअरगन घ्या, ताकद दुप्पट’

हा सल्ला सध्या फिरतोय, पण चुकीचा आहे. ताकद स्प्रिंगची, नळीच्या मापाची (0.22 किंवा 0.177 इंच) नव्हे. 16 जूल ऊर्जेच्या बंदुकीतून 0.177 चा 0.52 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे 248 मीटर वेगाने सुटतो, तर 0.22 चा 0.95 ग्रॅमचा साधारण 184 ने. हवेचा विरोध सोडला तरी 30 मीटरवर पहिला 7 सेंटिमीटर खाली येतो, दुसरा 13. अंतराचा अंदाज थोडा कमी पडला की 0.22 चा छर्रा नेमासाठी ठेवलेल्या डब्याखालून जातो. डबे टिपायला 0.177 च बरी, छर्रेही स्वस्त. छर्रा भरण्याआधी त्याचा मागचा घेर बघा. तो चेपलेला असेल तर हवा निसटते आणि नेम भरकटतो.

ब्रिटनमध्ये उंदीर-कबुतरांसाठी जड छर्रा म्हणून 0.22 लोकप्रिय आहे, सल्ला तिथला. आपल्याकडे शस्त्र नियम, 2016 प्रमाणे 0.177 पेक्षा मोठी नळी किंवा 20 जूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर परवाना लागतो. आणि ‘एअरगनने ससा-तितर मारलेला चालतो’ हे तर साफ खोटं आहे: वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार दोन्ही संरक्षित आहेत, बंदूक कुठल्याही मापाची असो.