‘खरं वाचणाऱ्यां’ना उत्तर

‘जुना वाचक’ यांना सप्रेम नमस्कार. ‘सप्रेम’ सवयीनं लिहून गेलो, आता खोडत नाही.

ई-इंक टॅबलेटच्या, म्हणजे कागदासारखा पडदा असलेल्या वाचायच्या-लिहायच्या यंत्राच्या, पहिल्या अनुभवाबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही काय लिहिलंय ते बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. या यंत्रावर रंग दिसत नाहीत. मराठीची स्कॅन केलेली पुस्तकं त्यावर धड वाचता येत नाहीत आणि हातानं लिहिलेलं मराठी त्याला कळत नाही, हे मी लेखात लपवलं, असं तुमचं म्हणणं. आणि शेवटी हे: ‘हा काळापांढरा मोबाईलच, पैसेवाल्यांची हौस. ज्याला खरं वाचायचंय तो कागद-पेन्सिल घेऊन बसतो.’

रंगाचं तुमचं बरोबर. नकाशे किंवा शरीरशास्त्राच्या आकृत्या बघायच्या असतील तर माझ्याकडचं यंत्र कामाचं नाही. रंगीत ई-इंक बाजारात आलंय, माझ्याकडं ते नाही. मान्य.

आता ‘खरं वाचायचंय’ म्हणजे काय हो साहेब? त्याचा दाखला कुठल्या कचेरीत मिळतो? एवढे पैसे घालून कागदापेक्षा वेगळं काय मिळालं, असं सरळ विचारलं असतंत तर सरळ सांगितलं असतं. पण तुमचा सूर असा, की या माणसानं जन्मात कागदाला हात लावलेला नाही.

कॉलेज सुटलं की मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात प्रुफं वाचायला, म्हणजे छपाईआधी चुका तपासायला, बसायचो. खिळ्यांचा, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून छापायचा, जमाना सरत आला होता. गॅलीच्या, म्हणजे कच्च्या प्रुफाच्या, ओल्या कागदानं बोटं काळी व्हायची, रफार एक अक्षर पुढं सरकलेला असायचा, आणि एका लग्नपत्रिकेत ‘चि. सौ. कां.’मधला अनुस्वार उडाला म्हणून मालकांच्या शिव्या मी खाल्ल्यात, तुम्ही नाही. करवीर नगर वाचन मंदिराचं कार्ड आजही माझ्या पाकिटात आहे. ग्रंथालय १८५० सालचं. खरं वाचणारे इकडं आणि हौशी तिकडं, असे वेगळे बाक तिथं मी तरी पाहिले नाहीत.

आणि ‘काळापांढरा मोबाईल’? उगंच काहीतरी लिहू नका राव. मोबाईलचा पडदा स्वतः उजेड टाकतो. ई-इंकच्या पडद्यात केसाच्या जाडीच्या बारीक कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण, एकमेकांच्या उलट विद्युतभाराचे. विजेचा दाब दिला की एक जात वर येते, दुसरी तळाला जाते. अक्षर एकदा उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही. बॅटरी पार उतरली तरी पान जागेवर राहतं. वाचायला खोलीतला किंवा बाहेरचा उजेड वापरायचा, छापील पानाला वापरतो तसाच. कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी गच्चीवर मोबाईल काढून बघा, स्वतःचं तोंड दिसेल. याच्यावर त्याच उन्हात अक्षर उलट ठसठशीत होतं. मोबाईलवर तासभर वाचलं की माझं डोकं धरतं. यावर धरत नाही. ही हौस असेल तर असू दे.

खोट नाही असं मी म्हटलेलंच नाही. पान उलटलं तरी मागच्या पानाची पुसट सावली राहते. परवा एका शीर्षकातल्या जाड ‘क्ष’चं शेपूट पुढच्या पानाच्या मधोमध दिसत होतं, मग पडदा एकदा पूर्ण काळा होऊन परत उजळला, तेव्हा कुठं ते गेलं. कागद इथं पांढराशुभ्र नसतो, करडट असतो. हे दोन्ही मूळ लेखात तिसऱ्या परिच्छेदात आहे. तुम्ही तिथवर पोचला होता का? खरं वाचणारे आहात म्हणून विचारतो.

यावर पेनानं लिहायला कसं वाटतं, याबद्दल तर तुम्ही बोललाच नाहीत, आणि मी यंत्र घेतलं ते त्यासाठी. माझ्या पेनात सेल नाही, ते चार्ज करावं लागत नाही. पडद्याखालच्या तारांच्या जाळीतूनच त्याला ताकद मिळते. पृष्ठभाग किंचित खरखरीत, त्यामुळं टोक घसरत नाही. झिजतं मात्र, बदलावं लागतं. समासात काकपद, म्हणजे सुटलेलं अक्षर घालायची खूण, मारलं की ते टोकाच्या बरोबर खाली उमटतं, बाजूला नाही. प्रुफं वाचलेल्या माणसाला याची किंमत कळेल.

मराठी स्कॅनचं आणि हस्ताक्षराचं म्हणाल, तर तो पहिल्या अनुभवाचा विषयच नव्हता. होय, स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. अक्षर मोठं करायला गेलं की ओळ पडद्याबाहेर जाते. माझं हस्ताक्षर यंत्राला वाचता येत नाही, मला येतं. पुढे.

राहिलं ‘पैसेवाले’. हे घरी वाचून दाखवलं, बायको अजून हसतेय. यंत्र हप्त्यावर आहे आणि हप्ते चालू आहेत, हेही सांगायची वेळ तुम्ही आणलीत. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. हा शब्द पुन्हा आला तर मात्र काढीन.