आबांना घेऊन वाडीला जाताना

वडिलांना घेऊन सायकलवर लांब जायचा विचार असेल, तर नवी सायकल बघायच्या आधी सीट बघा. मी उलटं केलं, आणि त्याचा त्रास आबांनी सोसला.

आबा 64 वर्षांचे. उद्यमनगरात लेथवर हयात गेली, आणि इतकी वर्षं कामावर जाणं-येणं सायकलवरच. म्हणून माझ्यासाठी हायब्रीड, म्हणजे जरा पुढं वाकून चालवायची गियरची सायकल, घेतली तेव्हा त्यांच्यासाठीही तसलीच घेतली आणि मागच्या हिवाळ्यात थेट पन्हाळ्याला निघालो. अंतर वीसेक किलोमीटरच आहे. पण कोल्हापूर साधारण 550 मीटर उंचीवर, पन्हाळा 950 च्या वर. चढ लागल्यापासून मी सारखं विचारत होते, "आबा, बरं आहे न्हवं?" उत्तर एकच. "काय न्हाई गं, चालतंय की." रात्री आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्या उजव्या करंगळीला मुंग्या आल्यात, कप नीट धरता येत नाही, आणि बसतानाही एका कुशीवर बसतात.

आपल्या वडिलांची पिढी दुखतंय म्हणून सांगत नाही. म्हणून त्यांच्या आरामाची जबाबदारी नेणाऱ्यानं घ्यायची, असं माझं ठाम मत झालंय. "पूर्वी लोक एका गियरवर जोतिबाला जायचे" हे मला कुणी सांगू नये. आबांची ती जुनी काळी सायकल आरामाच्या बाबतीत माझ्या हायब्रीडपेक्षा शहाणी होती. हँडल उंच, पाठ ताठ, खाली रुंद चामड्याची सीट आणि तिला स्प्रिंगा. ताठ बसलं की बहुतेक वजन सीटवर येतं, म्हणून सीट रुंद लागते. पुढं वाकून चालवणाऱ्याचं वजन हातांवर वाटलं जातं, त्याला अरुंद सीट चालते. मी त्यांना वाकवलं, वर अरुंद सीटवर बसवलं. करंगळीचं कारणही तेच, तळहाताच्या त्या कडेवरून जाणारी नस हँडलवर दाबली जात होती.

दुकानात गेले तर जेलचं जाड कव्हर मिळालं. ते पैसे वाया गेले. फार मऊ सीटमध्ये हाडं आत रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागेवर दाब देतो. अर्ध्या तासाला छान वाटतं, तीन तासांत जीव नकोसा होतो. वजन पेलायला हवं ते बसण्याच्या दोन हाडांनी, आणि त्या दोन हाडांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं.

ते मोजायला यंत्र लागत नाही. घरात गुळाच्या बॉक्सचा पन्हळी पुठ्ठा होता, तो जिन्याच्या पायरीवर ठेवला आणि आबांना त्यावर बसवलं, गुडघे जरा वर घेऊन. मिनिटभरानं उठले तर पुठ्ठ्यावर दोन खळगे. आबांनी खिशातली स्टीलची पट्टी काढली, खळग्यांच्या मध्यावर लावली, चष्मा कपाळावर सरकवून वाचलं: "एकशे अठ्ठावीस." त्यात 20 ते 25 मिलिमीटर मिळवायचे, ताठ बसणाऱ्याला थोडे जास्तच. मूळ सीट 140 ची होती. आम्ही 155 ची घेतली, मधे खाच असलेली. ती बसवताना आबांनी स्पिरिट लेव्हल लावून बुडबुडा मधोमध आणला, मगच नट आवळला. सीटचं नाक वर राहिलं तर दाब येतो, खाली गेलं तर माणूस पुढं घसरून पुन्हा हातांवर येतो. उंचीला घरगुती हिशेब आहे: टाच पॅडलवर ठेवली आणि पॅडल सगळ्यात खाली असलं की पाय सरळ व्हावा.

पॅडेड शॉर्ट्सचा, म्हणजे बसायच्या जागी आतून गादी असलेल्या घट्ट चड्डीचा, प्रश्न नाजूक होता. "असलं घट्ट घालून मी गल्लीतनं जाणार न्हाई." त्यांचं बरोबरच आहे. वरून सैल ट्रॅक पँट घातली, प्रश्न मिटला. मात्र आत दुसरं काही घालायचं नाही, हे मी आईकरवी सांगितलं. सुती कापड घामानं ओलं होतं आणि त्याची शिवण कातडी सोलते. असल्या गोष्टीत लाजून गप्प बसण्यापेक्षा घरातल्या योग्य माणसाकडून सांगावं.

गियरवर मात्र मी आबांशी भांडले. हलका गियर टाकणं म्हणजे हार, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. पुढची लहान चकती 28 दातांची, मागं सगळ्यात मोठी 28 ची, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाकाचीही एक फेरी, सव्वादोन मीटरच्या आसपास. मागं 34 ची बसवली, तर तेवढ्याच फेरीत साधारण 1.85 मीटरच जातो आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. लेथवर जड कट घेताना स्पीड कमी करता ना, असं विचारल्यावर ते हसले आणि तयार झाले. मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) 34 दात झेलतो का, चेन पुरते का, हे आधी मेकॅनिककडून बघून घ्या.

बाकी किरकोळ. पाठीवर सॅक नको, कॅरियरला पिशव्या लावा. टायर थोडे रुंद घ्या आणि हवा दगडासारखी भरू नका. वडील पुढं, आपण मागं. उसाच्या हंगामात ट्रॉल्या अंगावर येतात, तेव्हा आरसा लागतोच.

या जानेवारीत नृसिंहवाडीला गेलो. रुकडी, माणगाव, इचलकरंजी, कुरुंदवाड असं आतून, वाडीत मुक्काम. माणगावात पाणी प्यायला थांबलो तेव्हा आबा 1920 च्या परिषदेबद्दल सांगत बसले, शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मांडवात. मी त्यांच्या हाताकडं बघत होते. बोलता बोलता बाटलीचं झाकण करंगळीनंच धरून ठेवलं होतं.

कुरुंदवाडच्या अलीकडं त्यांनी स्वतःहून ब्रेक लावला. पन्हाळ्याच्या अख्ख्या रस्त्यात हे एकदाही झालं नव्हतं.

"गुडघ्याच्या मागं ओढ बसतीया. सीट सूतभर खाली घेऊया."

मी सायकल धरली, त्यांनी ॲलन की काढली.